खिशातलं बोर

निषादच्या खेळात एक निळं फळ आहे.
राक्षसाच्या हातात आधीच देऊन ठेवायचं,
जीव निम्म्यावर आला
की तो आपणहून खातो.
सांगावं लागत नाही.

"बाबा, तुझा निम्मा कधी होतो?"
मी बूट घालत होतो. सोहारमध्ये पहाटे साडेचारला
भिंती तापलेल्याच असतात.
म्हटलं, बघू.

मशिदीमागच्या सिदराच्या झाडाखालची बोरं
त्याने संक्रांतीपासून डब्यात जपलेली.
धाकटीच्या बोरन्हाणाला हीच होती,
चुरमुऱ्यांत, हलव्यात,
सोफ्याखाली घरंगळलेली.
त्यातलं एक, पार सुरकुतलेलं,
माझ्या डांगरीच्या खिशात घातलं,
बटण लावलं, वरून थोपटलं.

ऑगस्टात धक्क्यावर दिलबहादूर
क्रेनच्या सावलीत बसला
तो बसलाच.
ओठ पांढरे.
हिरवी पट्टी नाही, लाल नाही,
माणसाच्या डोक्यावर काहीच दिसत नाही.
कुणीतरी मीठपाणी आणायला पळालं.
तोवर माझा हात खिशाकडे गेला.
बराच वेळ तो चघळत होता,
मग बी तळहातावर काढून
बघत राहिला,
हे इथलं की आपल्याकडचं.

रात्री निषादने खिसा तपासला.
"खाल्लंस?"
"खाल्लं."
"किती वाढले?"
"दहा."
"दहाच?" तो हिरमुसला.
डब्यात बोटं घालून
बराच वेळ निवडत बसला.
या वेळी दोन ठेवली.