एकेचाळिसावं मिनिट

कातायानोक्काच्या तळघरात आम्ही तिघं परीक्षक.
चौथा ओइव्हा, यंत्रामागे. त्याला मताधिकार नाही,
निवृत्तीला सहा आठवडे आहेत.
यंदा पैसे एकाच जुन्या चित्रपटापुरते.
बाकीचे डबे व्हिनेगरचा वास सोडत
आपापल्या मरणाने मरतील.

आजचा डबा हेरपट. हाणामारी ठासून भरलेली,
पटकथा डाव्या हाताने लिहिलेली.
परदेशी कंपनीला लेनिनग्राद हवं होतं,
लेनिनग्राद काही पाऊल टाकू देईना,
मग त्यांनी आमचं हेलसिंकी भाड्याने घेतलं.
पिवळी घरं होतीच, फरसबंदी होतीच,
वर चार लाल झेंडे टांगले, की झालं.

माझ्या तक्त्यात रकाने आहेत.
कथा: दहापैकी तीन.
सहाबारी पिस्तुलातून अकरा गोळ्या सुटतात. मोजल्या मी.
खलनायक गोळी घालायचं सोडून
सगळा बेत पाढे म्हटल्यासारखा घडाघडा म्हणतो.
नायिका खिडकीतून बर्फात उडी मारते,
केसाची बट हलत नाही.
संगीत तर कानाशी धरून बसतं.
पाठलाग मात्र, कबूल करायला हवं,
अजून खुर्चीचा हात पकडायला लावतो.
धक्क्यावरून गाडी उडते तेव्हा खरीच उडते,
आणि आत कुणीतरी खरंच बसलेलं असतं,
ज्याचं नाव शेवटी येत नाही.
पाठलाग: आठ.

प्राध्यापक आर्नी शीतयुद्धावर बोलले, बराच वेळ.
तुइरेबाईंनी खर्चाचा आकडा सांगितला.
मग कुणी बोललं नाही.

तेवढ्यात ओइव्हाने, न विचारता, रीळ मागे घेतलं.

एकेचाळिसावं मिनिट. नायक कोपऱ्यावर सिगारेट पेटवतो.
त्याच्या मागे, धूसर, गणवेशातले दोन पहारेकरी.
त्यांच्याही मागून एक बाई येते,
डोक्याला रुमाल, हातात दुधाची किटली.
झेंडा बघते. गणवेश बघते.
किटली सोडते
आणि पळते. चौकटीबाहेर. तीन सेकंद.

'गर्दीतली नटी,' आर्नी म्हणाले. 'बाकीच्यांपेक्षा बरी.'

'आई,' ओइव्हा म्हणाला.

मे महिना होता, तो म्हणाला. मी पंधरा वर्षांचा.
लिंडेनला पालवी फुटलेली,
म्हणून कॅमेरा खाली धरलाय, झाडं दिसू नयेत.
रस्त्यावरचा बर्फ म्हणजे मीठ आणि साबणाचा फेस.
आई रिकाम्या हाताने घरी आली.
म्हणाली, बर्फावर घसरले.

मे महिन्यात! आम्ही हसलो.
वडील हसले, शेजारची सेल्मा हसली.
पुढे घरात कुणी थाप मारली की म्हणायचं,
'बर्फावर घसरला वाटतं.'
ती मरेपर्यंत म्हणायचो.
तीही हसायची.

विईपुरीहून ती दोनदा निघाली होती,
दुसऱ्यांदा चूल पेटती ठेवून.
त्याबद्दल आम्ही विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

त्याने पुन्हा मागे घेतलं. पुन्हा किटली.
'बर्फ होता,' तो यंत्राकडे बघत म्हणाला,
'पण घसरली नाही ती. बघा. कुठे घसरली?'

तुइरेबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला.
नायक पडद्यावर सिगारेट ओढत राहिला,
त्याला पाठीमागचं काही कळलं नव्हतं.
दिग्दर्शकालाही नसावं.
त्याने तो तुकडा ठेवला,
बहुधा फक्त सिगारेट नीट पेटली म्हणून.

माझ्या तक्त्यात याला रकाना नाही.
अभिनय म्हणावा तर तो नव्हता.
छायाचित्रण म्हणावं तर ती धूसर आहे.
एकूण गुण सव्वाचारच्या वर जात नाहीत,
मी दोनदा बेरीज केली.

खाली, 'शेरा' लिहिलंय तिथे, मी लिहिलं:
चित्रपट सुमार. जतन करावा.
रंग सुधारताना पार्श्वभूमी स्वच्छ करू नये.
धूळ समजून
दूध पुसलं जाईल.