संत्र्याच्या जाळीतला साबण

हजेरीपटात मी 'गै' लिहिते तेव्हा
वरच्या दोन मात्रा जराशा वाकतात,
पोट धरून बसलेल्या पोरासारख्या.

जुलैत तांडापेठेच्या आमच्या शाळेत
तिसरीच्या पटावर अशा पुष्कळ मात्रा वाकल्या.
रूपेश हेडाऊ, हगवण.
अलफिया, उलट्या, मग थेट आजोळी कामठीला.
वेदिका नंदनवार : "मॅडम, तिचं पोट दुखून राहिलं,"
हे सांगायला तिचा भाऊ आला,
तेव्हा त्याचंच नाक वाहत होतं.

मी कारणाच्या रकान्यात 'आजारी' लिहीत गेले.
आजार कुठून येतो, याला त्या पटात रकाना नाही.

दुपारी खिचडीचं पातेलं उतरलं की पोरं धावत.
नालीतून चेंडू काढलेली,
शेळीचे कान ओढलेली,
शाईची, शेंबडाची बोटं
सरळ भातात.

नळ होता. मुख्याध्यापकांच्या उंचीचा.
पहिलीतल्या पोट्ट्यानं टाचा उचलून तो सोडला
की पाणी कोपरावरून उलटं बगलेत,
बगलेतून चड्डीत,
आणि घरी त्याचा मार वेगळा.
मी भिंतीवर तक्ता लावला, हात धुण्याच्या सहा पायऱ्या.
त्या गोऱ्यागोमट्या हातांना
पोरांनी बांगड्या काढल्या, एकाला घड्याळ.

मग माजीदभाई आला पाना घेऊन.
पाइप खाली उतरवला, पोरांच्या छातीएवढा, तोट्या सहा.
पैसे विचारले तर म्हणाला,
"माझी नात दुसरीत हाय, तिची उंची मोजूनच लावल्या."

साबण मात्र टिकेना.
सकाळी ठेवावा, मधल्या सुटीत कावळा पसार.
यमूबाई बागडे, आमची खिचडीवाली,
कळमन्याहून संत्र्याची जाळी घेऊन आली,
लाल, नायलॉनची,
वडी आत घालून तोटीला गाठ मारली :
"आता ने म्हणा कावळ्याले."

बुधवारी जाळीसकट साबण गेला.
मी ओरडले. वर्गभर ओरडले.
चोरीवर बोलले, संस्कारांवर बोलले,
बोलता बोलता मला वास आला कडुनिंबाचा,
दुसऱ्या बाकावरून.
वेदिकाच्या दप्तराचा खालचा कोपरा ओला होता.

काही न बोलता संध्याकाळी तिच्या घरी गेले.
मागाची खटखट, दारात टँकरचं पाणी भरलेला ड्रम,
ड्रमच्या कडीला ती लाल जाळी,
आणि ड्रमापाशी वेदिका,
धाकट्याचे हात आपल्या हातांत धरून चोळत होती.
"बे एके बे, बे दुणे चार..."
तो सुटायला बघे, ती सोडेना.
"बे नवे अठरा. थांब ना बे!
बे दाहे वीस."
मग एक लोटा पाणी. एकच. मोजून.

मला बघून तिचे हात थांबले.
"शाळंत सहा तोट्या हायेत, मॅडम.
घरी एकबी जाळी नव्हती."

मला संस्कारांवरचं एक वाक्य आठवलं,
सकाळी बोललेलं.
ते मी तिथंच नालीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी यमूबाईनं जाळ्यांचा गठ्ठाच आणला.
साबणाचे पैसे कुणी कसे जमवले, ते सांगत नाही.
मुख्याध्यापकांना वाटतं, योजनेतून आले.

'गै' संपले नाहीत, बाप्पा.
ऑगस्टात रूपेश पुन्हा दोन दिवस नव्हता.
कारण विचारलं :
"भावाचं जाऊळ होतं, रामटेकले गेलो होतो. लाडू खाल्ले."
मी रकान्यात लिहिलं, 'जाऊळ'.
इतक्या आनंदानं गैरहजेरी मी कधी मांडली नव्हती.

आणि परवा,
फळ्यावर भागाकार सोडवून, घंटा झाली म्हणून
तशाच खडूच्या हातांनी डबा उघडला,
पोळीचा तुकडा मोडला,
तर दारात अलफिया उभी,
दोन्ही हात निथळत,
माझ्या बोटांकडे बघत.

"मॅडम," ती म्हणाली,
"बे एके?"