गडग्याअलीकडची सफरचंदं

सफरचंदं माझी नाहीत, हे आधीच सांगून टाकते.
झाड रॉइस टाट्रोचं, मूळ त्याच्या जमिनीत,
एक फांदी तेवढी दगडी गडगा ओलांडून
माझ्या खुराड्यावर वाकलेली.
अकरा वर्षं आम्ही बोलत नाही.
कारण विचाराल तर एक कुत्रा,
माझ्या दारात ढकललेला त्याच्या अंगणातला बर्फ,
आणि माझ्या नवऱ्याला पुरलं त्या दिवशी तो आला नाही, ते.
यातलं पहिलं कुठलं
ते आता मलाही धड आठवत नाही.

ऑक्टोबर सरत आला की फळं पडतात.
रात्री. धप्.
मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा धप्.
अंथरुणात पडल्या पडल्या मी मोजते,
कुठलं त्याचं, कुठलं माझं.
माझ्या बाजूचा आवाज मोठा येतो,
खुराड्याच्या पत्र्यामुळे.

मतदानाच्या दिवशी टाउन हॉलात खाऊविक्री,
बंबाच्या नव्या पाइपांसाठी.
मार्व्हल क्विम्बीने फोनवर विचारलं नाही, सांगितलं :
“आयडेला, सहा डझन.
आणि गेल्या वर्षीसारख्या कडक नकोत.”

सोमवारी साडेचारलाच अंधारलं.
लोणी सकाळपासून बाहेर, तरी दगड,
म्हणून वाटी लाकडाच्या शेगडीशेजारी सरकवली.
तांबूस साखरेचं डब्यात ढेकूळ झालेलं,
ते हातोडीने फोडलं, खोटं कशाला बोलू.
दालचिनी. सुंठ. लवंग अगदी नखभर,
जास्त झाली की दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतं.
जायफळ किसताना बोटाचं सालही थोडं गेलं.
मेपलचा पाक मोजला नाही.
मोजून घालायला मी काय पाहुणी आहे?

ओट्स शेवटी.
चपटे, कोरडे, भुशाच्या रंगाचे.
वाटीत पडताना असे वाजतात
जसं परसातल्या पाचोळ्यातून कुणी
आपला पाय वाजू नये म्हणून जपून चालतंय.

मग ती सफरचंदं.
खरबरीत सालीची, निम्मी किडकी.
किडकं काढून उरतं ते इतकं आंबट
की एक डोळा आपोआप मिटतो.
ही चव या खोऱ्यात दुसऱ्या झाडाला नाही.
मला माहीत होतं.
चिरताना माहीत होतं, पिळून पाणी काढताना माहीत होतं,
सहा डझन गोळे थापताना
बहात्तर वेळा माहीत होतं.

बारा मिनिटं. कडा तांबूस, मधे अजून मऊ,
तेव्हाच बाहेर काढायच्या, धीर धरवत नसला तरी.
खिडकी फटभर उघडली. धुरासाठी.
वारा त्याच्या घराकडे वाहत होता
त्याला मी काय करणार.

मंगळवारी हॉलात ओल्या बुटांचा वास.
लोक मत देऊन, छातीवर स्टिकर लावून येत
आणि आमच्या टेबलाशी खरे अडत :
भोपळ्याचा पाव की कुकी?
रॉइस दुपारी आला. टोपी हातात.
केस किती गेलेत याचे.
एक उचलली. घास घेतला.
जबडा मधेच थांबला.
मी टेबलावरच्या कापडाची चुणी काढत राहिले,
नसलेली.
त्याने सगळी खाल्ली, सावकाश.
मग पाटीवरची किंमत वाचली, एक डॉलर,
खिशातली चिल्लर तळहातावर पसरली,
पाऊण डॉलर मोजून ठेवला
आणि माझ्याकडे न बघता मार्व्हलला म्हणाला,
“सफरचंद वजा करून.”

रात्री पेटी सव्वा डॉलरने कमी भरली.
पाव डॉलर मी मुकाट्याने पर्समधून घातला,
अकरा वर्षांत आमच्यातला पहिला व्यवहार.
राहिला एक. पुन्हा मोजलं, तरी एक.
मार्व्हल कोट चढवत म्हणाली,
“अगं, जाताना त्याने आणखी एक घेतली की,
रुमालात गुंडाळून.
मला वाटलं, तू बघितलंस.”

तिचा हिशेब अजून बाकी आहे.