सात नंबर

खसबच्या अलीकडे डोंगर इतका जवळ येतो
की आरसा कपारीला घासेल असं वाटतं,
आणि दुसऱ्या अंगाला लगेच समुद्र,
पत्र्याच्या डब्यात साठवलेल्या उन्हासारखा.
मध्ये आपल्या अकरा गाड्या. चाकांवरची अकरा घरं.
हुमैद सगळ्यांच्या पुढे. वायरलेसवर त्याची खरखर:
वळण आहे. डावीकडे बकऱ्या. हळू.
मग मोजणी. पाच? पाच, म्हणतात केरळचे कुरियन.
सहा? सहा, म्हणते ती जर्मन म्हातारी, काहीतरी चघळत.
सात?
तुम्ही बटण दाबता. “सात. ओके, ओके.”
दोनदा ओके. साइटवरची सवय.

ऋजुताने पैसे भरले तेव्हा मी भांडले होते:
नोकरी सुटल्यावर माणसं घरी येतात,
हे कसलं बिऱ्हाड पाठीला बांधून हिंडणं?
ती म्हणाली, आई, एकदा हिशोब कर.
केला.
दोन वर्षांतून दोन महिने रजा.
लग्नाला एकोणतीस वर्षं, संसाराचे एकोणतीस महिने.
मामंजी गेले तेव्हाचे अकरा दिवस धरले
तरी तिसावा महिना भरत नाही.

तर हे आपलं पहिलं घर.
टाकीत नव्वद लिटर पाणी, दोन शेगड्या,
खिडकीला पडदा, त्यावर कुणाच्या तरी आवडीची अननसं.
तुम्ही हमरियाचे पाईप फिटर,
गाडी उभी केली की ओट्यावर पेला भरून ठेवता,
पाणी जिकडे कलेल त्या चाकाखाली फळी सरकवता,
पुन्हा आत येऊन वाकून बघता.
सपाट झालं की म्हणता, हां, आता टाक चहा.

काय काय कळतंय मला या घरात!
चहा संपला की लगेच कप विसळता,
उपडा घालण्याआधी बुडाला काहीतरी शोधता.
कॅम्पात तिथे तुमचा नंबर असायचा म्हणे.
झोपता ते कडेला, हात छातीशी बांधून,
जणू वरच्या बाकावर अजून कुणी घोरतंय.
पहाटे साडेतीनला उठून बसता.
बस यायची नसते.
आणि मी तरी? मला मधोमध झोपायची सवय.
पहिल्या रात्री दोनदा खाली पडलात तुम्ही.
दुसऱ्यांदा आपण इतके हसलो
की कुरियनांकडे दिवा लागला.

किनाऱ्यावर बकऱ्यांनी माझी ओली पिशवी खाल्ली.
संध्याकाळी होड्या इराणकडे सुटल्या,
ताडपत्रीखाली काय ते कुणी सांगेना.
तुमचा हात पुन्हा पुन्हा खिशाकडे जात होता.
पासपोर्ट. इतकी वर्षं कंपनीच्या कपाटात होता,
आता छातीवर त्याचा चौकोन घामाने उमटलाय.

तिसऱ्या दिवशी फाट्यावर आपण चुकलो.
चुकलो कसले, तुम्हीच वळलात.
रस्त्याकडेला जाड पाईपांचा ढीग होता,
कुठल्या तरी बंद पडलेल्या कामाचा.
उतरलात. एकावर बोटांनी टकटक केलीत, कान लावलात.
मग तिथेच उभे, भर दुपारी, टोपीशिवाय.

गाडीत खरखर. सात?
सात?
सात?
तुम्ही वळून बघेनात.
मी ते काळं यंत्र हातात घेतलं, बटण सापडलं,
आणि तोंडून निघालं ते मराठीच:
“आहोत. इथेच आहोत.”
पलीकडे जरा शांतता. मग हुमैद,
“सात. ओके.”
अकरा नंबर फाट्यावर थांबला होता,
दिवे उघडमीट करत, आपण येईपर्यंत.

त्या रात्री तुम्ही पेला ठेवला नाहीत.
गाडी थोडी समुद्राकडे कललेली होती.
आधण एका बाजूने आधी उकळलं.
मी तसाच चहा टाकला.