सोळा गुरुवार

शाळेच्या वाचनालयात बसून
मी माझी उद्दिष्टं लिहिली, उसन्या पेनानं.
पहिलं: संवादकौशल्य वाढवणे.
दुसरं डेव्हिनच्या कागदावरून उतरवलं,
नेतृत्वाचं काहीतरी.
तिसऱ्या रकान्यात बराच वेळ काही सुचेना,
मग घंटा झाली म्हणून लिहून टाकलं:
एका वृद्ध व्यक्तीचा एकटेपणा कमी करणे.
कितीनं कमी, हे मोजता यायला हवं,
असं तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं.

चाळीस तास भरल्याशिवाय
आमच्या इथे बारावीचं प्रमाणपत्र मिळत नाही.

थंडर बेचा जानेवारी.
बंदरावरची धान्याची कोठारं
गोठलेल्या सरोवराकडे तोंड करून मुकाट उभी,
आणि बसमध्ये मी,
बूट ओले, नाक लाल,
मनात पाठ केलेली चार वाक्यं.

हिल्या रान्तानेन. वय एक्याण्णव. खोली दोनशे सात.
म्हटलं, मी रेन्झो, तुमच्याशी गप्पा मारायला आलोय.
ती म्हणाली, हात पुढे कर.
मला वाटलं, हात मिळवायचाय.
तिनं माझ्या दोन्ही मनगटांवर
लोकरीची लड चढवली
आणि गुंडा वळायला घेतला.

झालं. संवादकौशल्य तिथेच आटोपलं.

इंग्रजी तिला सोडून चाललं होतं.
मागाहून आलेली भाषा आधी निघाली,
पाहुण्यासारखी, कोट न काढलेली.
उरली होती ती तिच्या आईची फिनिश,
त्यात ती टाके मोजायची:
युक्सी, काक्सी, कोल्मे.
अकराच्या आसपास धागा हरवायचा.
मग सगळं उसवून पुन्हा युक्सी.
हातमोजा एकच होता,
अंगठ्यापाशी अडलेला.

दोन तास हात पसरून बसायचं.
फोन खिशात थरथरायचा, नाक खाजायचं,
खांदे भरून यायचे.
नेतृत्व कुणाचं होतं
ते सांगायला नको.

आता खरं सांगतो,
कारण 'तुम्ही काय शिकलात' याखाली
तीनशे शब्दांची जागा आहे
आणि माझे एकशेवीसच झालेत.
मी बसायचो दोन तास.
लिहायचो अडीच.
मिशानोबाई न बघताच सही करायच्या,
त्यांचा एक कान कायम फोनला.
पहिल्या वेळी स्वतःला सांगितलं,
उणे सत्तावीसमध्ये बसची वाट पाहिली
तीही सेवाच की.
दुसऱ्या वेळी काही सांगावंच लागलं नाही.

सोळा गुरुवार. चाळीस तास.
त्यातले आठ माझे नव्हेतच.

आणि तिसऱ्या उद्दिष्टाचं म्हणाल तर
तिचा एकटेपणा मला कधी सापडलाच नाही.
ती कामात होती.
खिडकीपाशी एकटा पोरगा दिसला असेल तिला,
हात रिकामे असलेला,
त्याला तिनं धरायला काहीतरी दिलं.

डेव्हिन म्हणतो, वेडा आहेस का,
सगळेच करतात,
फॉर्म जमा झाला, विषय संपला.
बरोबर असेल त्याचं.
मी ते खोटं कुणाला सांगितलेलं नाही,
आणि हा कागदही
बहुतेक मी जमा करणार नाही,
नाहीतर सही मारणाऱ्या बाईंवर बालंट यायचं.

पण सतराव्या गुरुवारी
पाय आपोआप त्याच बसला चढले.
मिशानोबाई म्हणाल्या, तुझे तर भरले ना?
मी म्हटलं, थोडे राहिलेत.

दोनशे सातमध्ये तिनं मला ओळखलं नाही.
हात मात्र ओळखले.
लड चढवली. युक्सी, काक्सी.
अकराला ती थांबली,
माझ्याकडे बघत राहिली,
आणि मी, सोळा आठवडे ऐकून ऐकून
जिभेवर बसलेला तो अवघड शब्द
अर्धवट, चुकीच्या उच्चारात पुढे केला.
ती हसली. चूक दुरुस्त केली.
तेरापर्यंत गेलो.
मग तिनं सगळं उसवलं.

बाहेर पडलो तेव्हा घड्याळ पाहिलं:
दोन तास, दहा मिनिटं.
कुठेही लिहिली नाहीत.
म्हणजे अजून
पाच तास, पन्नास मिनिटं.