पायपुसणं

भुताचं बजेट एकतीस हजार.
त्यातले अकरा माझी बाईक विकून.
बाकीचे कुठून आले ते लिहीत नाही, घरचे वाचतील.

सर्जेकोटच्या बंदरामागे जाळी ठेवायची खोप,
तीन बाजूंना झापं, एका बाजूला पत्रा.
मालक म्हणाला, भाडं नको,
फक्त माझ्या होडीचं नाव कुठे दिसता कामा नये,
पुढच्या आठवड्यात समुद्रात जायचंय.

भूत म्हणजे बुडालेला खलाशी.
हेरंब कोचरेकर, पतपेढीत कॅशियर,
दहाला काउंटरवर हजर पाहिजे,
म्हणून मरण रोज पहाटे चारला आटपायचं.

पहिल्या रात्री रक्त आगळाचं केलं.
मीठ डोळ्यांत गेलं, भूत बोंबलत विहिरीवर धावलं.
दुसऱ्या रात्री कोकम सरबताचा पाक.
रंग झकास, पण मुंग्या.
मेलेल्या माणसाने एका शॉटमध्ये तीनदा मान खाजवली.

बाह्यांत दडवलेले सलाइनचे दोन सेट,
बाटल्यांत नळाचं पाणी,
म्हणजे बोटांतून ठिबकत राहावं,
'मेलेल्यांचं ठिबकतं तसं', असं पटकथेत आहे.
मीच लिहिलंय. मला काय माहीत.

तिसरी रात्र. भरती चढत होती,
लांब ठेवलेला जनरेटर खोकत होता.
सहाव्या टेकला कृत्तिकाने हेडफोन काढला, म्हणाली,
आत कुणीतरी श्वास घेतंय. आपल्यातलं नाही.

जाळ्यांच्या ढिगावर दुर्पदा तांडेल बसली होती.
कधीपासून, कुणास ठाऊक.
चौदा वर्षांपूर्वी तिचा घोव गेला तो होडीसकट.
होडीची एक फळी आली देवबागेला.
गावात सगळ्यांना माहीत.
मी मुंबईहून गोष्ट घेऊन आलेला, मला त्या रात्रीनंतर कळलं.

काकी, घाबरलात काय?

"भियाचा कित्याक? पन ह्यो चुकता."

कोण?

"तुमचो मेललो. असो हात पसरून कोण घराक येता?
दर्यातसून इल्लो माणूस दारात थांबता.
आदी पाय पुसता.
मगे इचारता, जेवलंस?"

उठली. कोपऱ्यातलं गोणपाट झटकलं,
चौघडी घातली, उंबऱ्याशी ठेवलं,
पायाने जरासं सरकवून सरळ केलं.
"आता करा बघू."

टेक सात.
हेरंब दारात थांबला. हात खाली.
उजवा पाय पुसला, मग डावा, मग परत उजवा.
पाणी ठिबकतच होतं, पुसून काही उपयोग नव्हता.
संवाद त्याला नव्हताच,
भुताला मी फक्त घोगरा आवाज दिला होता.
तो अगदी साध्या आवाजात म्हणाला,
जेवलंस?

अंधारातून आलं, "जेवलंय."

कट म्हणायचं काम माझं. मी म्हटलं नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "परत एकदा."
आठ. नऊ.
दहाव्याला बॅटरी गेली, कृत्तिकाने मला खुणेने सांगितलं,
मी हेरंबला सांगितलं नाही.
तो बाहेर गेला, आणि आला.

फिल्म नऊ मिनिटांची झाली.
कणकवलीला मावसभावाच्या खोलीत बसून
भीतीचं संगीत लावलं, काढलं, लावलं, काढलं.
महोत्सवाचं उत्तर दोन ओळींचं:
छायाचित्रण चांगलं, पण भयपट विभागात बसत नाही.
हेरंबला वाचून दाखवलं, तो नोटा मोजत होता,
मोजणी चुकली, परत पहिल्यापासून सुरू केली.

आणि एक राहिलं.
सकाळी सामान आवरताना गोणपाट चिंब होतं,
पिळलं तर चुळकाभर पाणी निघेल इतकं.
सलाइनचंच असणार. बाटल्या मोजल्या, दोन्ही रिकाम्या.
नळाचं पाणी गोडं असतं,
बोट लावून जिभेवर ठेवलं असतं की झालं असतं.

मी गोणपाट पत्र्यावर वाळत टाकलं
आणि टेम्पोत बसलो.