खातं

तोताराम फेगडेंच्या केळी ग्रुपमध्ये मी हिशोब लिहिते.
डावीकडे जमा, उजवीकडे नावे, तळाशी रेघ.

बुधवारी ट्रक आला नाही.
सुकी नदीच्या काठी भाईसा पावरा आंब्यावर चढला होता,
बांडगुळं तोडायला.
"एकबी ठेवू नको," शेठ खालून.
"मंग पाखरू काय खाईन?" तो वरून.

पाखरू म्हणजे अंगठ्याएवढं. बांडगुळाचं फळ गिळतं,
चिकट बी सुटत नाही म्हणून ढुंगण फांदीला पुसतं,
आणि पुसलं तिथं पुढचं बांडगूळ.

मी कोरं पान काढलं.

म्हैस, बगळा : ती चरते, टोळ उडतात, तो टिपतो.
बगळ्याकडे जमा. म्हशीकडे काही नाही,
शून्यसुद्धा नाही; शेपटी हलवते, तेवढंच.

म्हैस, गोचीड : हे सोपं.

मुंगळे, मावा : कपाशीच्या पानामागे
मावा गोड पाझरतो, मुंगळे चाटतात, राखण करतात,
ढालकिडा आला की हुसकून लावतात.
दोघांचं छान चाललंय.
रस पानाचा. पानाची सही कुठेच नाही.

उंबर, उंबरातली माशी : दारातच पंख तुटतात तिचे,
तरी शिरते. आतली फुलं फळवते, अंडी घालते,
तिथंच मरते.
लेकी बाहेर पडतात, अंगभर पराग,
दुसऱ्या उंबराच्या दाराशी पंख तोडायला.
इथं रेघ कुठं मारायची, कळेना.

मग म्हटलं, आपलंच बघू.
लोकेश पोटात होता तेव्हा रक्त सातावर.
दाढ हलली. चुलीची भाजकी माती खायचे, चोरून.
डॉक्टरीण म्हणाली, बाळाचं वजन मात्र छान आहे.
आता नऊ वर्षांचा. रविवारी ओट्यावर माझ्यामागे बसतो,
एक पांढरा केस उपटायचा एक रुपया घेतो.
कधी काळाही उपटतो, तोही मोजतो.
मी मोजू देते.

पान भरत आलं. शेवटी लिहिलं : फेगडे, भाईसा.
पुढे दोन ठिपके दिले
तेवढ्यात शेठ आले. पान फाडून मुठीत धरलं.
"तीनशे लिही भाईसाच्या नावे."
लिहिले.

भाईसा हातापायांचा चीक मातीनं घासत होता.
पार शेंड्याला एक बांडगूळ राहिलं होतं,
केशरी, फुललेलं. शेठना आता तेवढं लांबचं दिसत नाही.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मी वहीकडे.